केशर कुणासाठी

आमच्या कंपनीत पिशवी पारदर्शक लागते. गाडीच्या वायरिंगला लागणारे कनेक्टर बोटाच्या पेराएवढे असतात. ते बायका डब्यात लपवून नेतील अशी कुण्या साहेबाला धास्ती पडली, आणि तेव्हापासून आम्ही सगळ्या जणी आरपार दिसणाऱ्या प्लास्टिकच्या पिशव्या घेऊन गेटमधून आत जातो. कुणाच्या डब्यात काय आहे, कुणाची पाळी आलीय, कुणाला शुगरची गोळी सुरू झालीय, कोण तोंडाला काय फासतं, सगळं सगळ्यांना दिसतं. वॉचमनलासुद्धा. लाजायचं आम्ही केव्हाच सोडून दिलं.

त्या पिशवीत मी केशराच्या कॅप्सूलची डबी ठेवली आणि माझ्या संसाराचा बट्ट्याबोळ झाला.

मी विजयश्री. माहेर-सासर दोन्ही औसा तालुक्यातलं. लग्न होऊन चाकणला आले ती खराबवाडीत, एका शेतकऱ्यानं कांद्याच्या वावरात बांधलेल्या खोल्यांच्या रांगेत. वर पत्रा, दोन खोल्यांच्या मध्ये एका विटेची भिंत. पलीकडे कुणी शिंकलं तर इकडून देव म्हणावं, अशी. पलीकडे रंभा राहते. ती निलंग्याकडची, माझ्या सासूच्या माहेरच्या गावची. तिनंच मला कंपनीत लावलं. ती आणि मी एकाच लाईनवर उभ्या राहून वायरींचे जुडगे बांधतो. मोठ्या फळीवर खिळे असतात, त्यातून वायरी फिरवायच्या आणि वरून टेप गुंडाळायची. फळी पुढं सरकत असते, ती आपल्यासाठी थांबत नाही.

मी या कामात चांगली आहे. उगाच नम्रपणा कशाला करू? लाईनवर माझ्याइतका हात कुणाचा चालत नाही. पण मी ठेकेदाराची माणूस. आज आहे, उद्या नाही. यंदा कंपनी काही बायकांना स्वतःच्या नावावर घेणार होती. कायम. मग रजा, दवाखाना, फंड, सगळं रीतसर. यादी व्हायची होती आणि माझं नाव त्यात येणार, असं लाईन लीडरनं स्वतः मला सांगितलं होतं. त्या यादीसाठी मी आणि सुजितनं लेकरू पुढं ढकललं होतं. कारण पोटुशी बाई यादीत बसत नाही. हे कुठं लिहिलेलं नाही. कॅन्टीनच्या भिंतीवर तर बाळंतपणाच्या रजेच्या कायद्याचं पोस्टर आहे, चांगलं रंगीत. पण ठेकेदाराची बाई पोटुशी आहे असं कळलं की त्याच महिन्यात तिचं काम संपतं. दरवेळी योगायोग. म्हणून बायका सैल ॲप्रन घालतात आणि मळमळ आली तरी गिळतात.

आता सुजित. माझा नवरा एका गोडाऊनमध्ये फोर्कलिफ्ट चालवतो. माणूस लाख आहे. हसवेल, जीव लावेल, शेजारणीचं सिलिंडर खांद्यावरून आणून देईल आणि आपल्या घरचा गॅस चालू ठेवून जाईल. लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात त्यानं पंखा दुरुस्तीला काढला. दिवाळी आली तरी पाती कपाटावर पडलेली. बोलता बोलता उठून जाणार, कुठं गेला म्हणून बघावं तर कुणाच्या तरी मोटारसायकलचा प्लग साफ करत बसलेला. मी याला आधी आळस समजले, मग माज समजले. भांडले. एकदा ताटसुद्धा फेकलं.

मग एका दुपारी त्यानं भरल्या मालासकट गाडी रॅकला घातली. खाली कुणी नव्हतं म्हणून बरं. सुपरवायझर म्हणाला, पुढच्या वेळी गाडीवरून उतरवून हमालीला लावीन. त्या दिवशी सुजित घरी येऊन जेवला नाही. म्हणाला, “विजू, रॅक मला दिसत होता गं. मी बघत होतो. पण मी तिथं नव्हतो.”

ते वाक्य ऐकून माझा राग उतरला. मी फोनवर एका बाईचा व्हिडिओ बघितला होता, अशाच माणसांबद्दल. सुजितला घेऊन मी पिंपरीला मानसोपचाराच्या डॉक्टरांकडे गेले. त्या बाईंनी खूप वेळ दिला. शाळेतलं विचारलं, झोपेचं विचारलं, हरवलेल्या वस्तूंचं विचारलं. सुजित सांगत गेला आणि त्या माना डोलवत गेल्या. शेवटी म्हणाल्या, याला एडीएचडी म्हणतात, लक्ष एका जागी टिकत नाही, लहानपणापासूनच असणार, आळस नाही आणि वेड तर अजिबातच नाही. परतीच्या बसमध्ये सुजित खिडकीकडं तोंड करून रडत होता. एवढी वर्षं मास्तरांचा, बापाचा, माझा मार आणि शिव्या खाल्लेला माणूस तो. मला माझीच लाज वाटली.

डॉक्टरांनी गोळी लिहून दिली. ती त्यानं घेतली नाही. त्याच्या कंपनीत दरवर्षी तपासणी होते, कुठली औषधं चालू आहेत ते विचारतात. मेंदूची गोळी म्हटलं की गाडी गेली, असं त्याच्या डोक्यात पक्कं बसलं. डॉक्टर म्हणाल्या, मी पत्र देते, उपचार घेणारा माणूस न घेणाऱ्यापेक्षा गाडीवर जास्त भरवशाचा असतो. सुजित मला बाहेर येऊन म्हणाला, “हे पत्र त्या सुपरवायझरला कोण वाचून दाखवणार?” त्यात आणखी त्याचा एक चुलता होता, गावात त्याला खुळा म्हणायचे, त्याचं लग्नसुद्धा झालं नाही. तो शिक्का सुजितला नको होता.

मग त्याला फोनवर केशर सापडलं. केशराच्या अर्कानं लक्ष लागतं, परदेशात मुलांवर प्रयोग झालेत वगैरे. मी पुन्हा डॉक्टरांना विचारलं. त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, छोटे अभ्यास झालेत, बरेचसे लहान मुलांवर, थोडा उपयोग दिसलाय, पण त्यावर विसंबून राहण्याइतका पुरावा नाही. घ्यायचं तर मापात घ्या आणि गोळीच्या जागी घेऊ नका. सुजितनं यातलं ‘घ्या’ एवढंच ऐकलं. कॅप्सूल मागवल्या.

फरक पडला का? खोटं कशाला बोलू, थोडा पडला. त्यानं पंखा लावला. एक काम संपवून मग दुसरं हातात घेतोय असं दोन-चारदा दिसलं. हे केशरानं झालं की आपल्याला आजार आहे हे कळल्यानं झालं की माझ्या धाकानं, देव जाणे. पण माणूस जरा ताठ चालायला लागला होता आणि मला तेवढं पुरे होतं.

घोळ एवढाच, की ती कॅप्सूल घ्यायची आठवण राहायला आधी ती कॅप्सूल लागत होती. मी पहाटे कामावर जायची, त्याची दुसरी शिफ्ट. डबी शेगडीजवळ ठेवली तर तो तिच्या शेजारी चहा करून प्यायचा आणि डबी त्याला दिसायची नाही. फोनमध्ये गजर लावला तर गजर बंद करून दाढी करायला लागायचा. एक डबी बसमध्ये हरवली, एक कुठं गेली त्याचा अजून पत्ता नाही. शेवटी मी डबी माझ्याकडं ठेवली. दुपारी माझी बस आंबेठाण चौकात मला उतरवायची आणि तिथंच त्याची बस त्याला घ्यायची. त्या गर्दीत मी त्याच्या तळहातावर कॅप्सूल ठेवायची, तो पाण्याच्या घोटाबरोबर गिळायचा, आणि त्याची बस यायची. म्हणजे डबी दिवसभर माझ्या पिशवीत. माझी पिशवी पारदर्शक. आणि डबीवर जांभळं फूल, लाल काड्या आणि हे मोठं ‘केशर’ लिहिलेलं.

गेटवर रांगेत उभी असताना रंभानं पिशवीला हात लावला.

“काय गं हे? केशर?”

“अगं, असंच.”

“असंच?” तिचा चेहरा एकदम फुलला. “असंच कुणी केशर खातं का बाई! कितवा लागलाय?”

आमच्याकडं केशर कधी घरात येतं? श्रीखंडाला चार काड्या, त्याही पाहुणे आले तर. नाहीतर पोटुशीला दुधातून, लेकरू गोरं व्हावं म्हणून. तिसरं कारण कुणाला माहीत नाही. मी म्हणाले, “तसलं काही नाही रंभा, शपथ.” ती डोळा मारून म्हणाली, “बरं बरं. नाहीच म्हणावं. तीन महिने होईस्तोवर नाहीच म्हणायचं असतं.”

इथंच मी फसले. पहिल्या तीन महिन्यांत कुणी सांगत नाही, दृष्ट लागते. म्हणजे जिला आहे तीही नाही म्हणते आणि जिला नाही तीही नाही म्हणते. मी जितक्या जोरानं नाही म्हणायची तितकी लाईनवरच्या बायकांची खात्री पटायची. घाबरून मी डबी पिशवीतून काढली आणि रोजची एकच कॅप्सूल रुमालाच्या गाठीत न्यायला लागले, तर लाईनवरच्या थोरल्या सुमनताई म्हणाल्या, “शहाणी हाय पोरगी. लोकांची नजर वाईट.”

खरं सांगायची सोय नव्हती. रंभाचा नवरा ज्योतीराम सुजितच्याच गोडाऊनमध्ये माल चढवतो. रंभाला सांगितलं की ज्योतीरामला सांगितलं, ज्योतीरामला सांगितलं की सुपरवायझरला. सुजितनं मला आधीच बजावलं होतं, “काहीही सांग, माझं नाव काढू नको.” मी म्हणाले, ठीक आहे, बायका आठ दिवस बोलतील आणि गप्प बसतील.

बायका गप्प बसल्या नाहीत, त्या प्रेम करायला लागल्या. कुणीतरी माझ्या डब्यात चिंच ठेवली. मी खाल्ली. चिंच कुणाला आवडत नाही? जड पेटी उचलायची वेळ आली की दोघी धावत यायच्या. आणि सुमनताईंनी कुठून तरी एक स्टूल पैदा केलं आणि माझ्या फळीपुढं ठेवलं. आमच्या लाईनवर कुणी बसत नाही. मी म्हणाले, “ताई, उचला ते.” त्या म्हणाल्या, “बस गं. माझं पहिलं उभ्यानं काम करूनच गेलं. तुझं तसं नको व्हायला.” त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. मी काय करणार? बसले.

ते स्टूल विलासनं बघितलं. विलास म्हणजे ठेकेदाराचा माणूस, लाईनवर फिरणं हेच त्याचं काम. गोड बोलतो. “काय विजयश्रीताई, बसून? तब्येत बरी आहे ना?” मी ताडकन उठले. म्हणाले, “पायाला मुंगी आली होती.” तो स्टुलाकडं बघत म्हणाला, “जपा, जपा.” 

त्याच गुरुवारी, आमच्या सुट्टीच्या दिवशी, सकाळी दार वाजलं. दारात सासू. शालनबाई नाव, पण आमच्याकडं सासूला आत्या म्हणतात. हातात तुपाची बरणी, खारका, शेंगदाणे आणि स्वतःची जुनी मऊ लुगडी, दुपटी शिवायला. रंभानं फोन केला होता. आनंदानंच केला, तिच्यावर राग धरायला जागा नाही. आत्यांनी आल्या आल्या माझ्या तोंडावरून हात फिरवून बोटं कानशिलावर मोडली.

“आत्या, तसं काही नाही. रंभाचा गैरसमज झालाय.”

“नाही तर नाही,” आत्या हसल्या. “मी काय इचारलाव का तुला? तू आपली खा.”

त्या बाईला मी इतकं खूश कधी बघितलं नव्हतं. नवरा लवकर गेला, लेक एकुलता एक, आणि चारचौघांत ‘अजून काही नाही का?’ ऐकून ऐकून तिची मान खाली गेलेली. मी स्वयंपाक करायला उठले तर मला खाली बसवलं आणि स्वतः भाकरी थापल्या.  संध्याकाळी पाण्याच्या टाकीजवळ मी सुजितला गाठलं.

“अहो, आत्यांना खरं सांगा. आत्ताच्या आत्ता.”

“सांगतो.”

“कधी?”

“दोन दिवस खूश राहू दे तिला. तिला सांगितलं म्हणजे रंभाला सांगितलं, विजू. माय काही पोटात ठेवत नाही. बघू, जाताना सांगू.”

बघू, नंतर, जाताना. याच शब्दांवर त्याचं सगळं आयुष्य चाललेलं. पण इथं त्याचा आजार नव्हता, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं. इथं त्याला नीट समजत होतं.

पुढच्या बुधवारी विलासनं मला लाईनवरून बोलावलं. गेटच्या बाजूला ठेकेदाराचं पत्र्याचं ऑफिस आहे. तिथं एक मॅडम बसतात. त्यांनी दार लावून घेतलं आणि टेबलावर पाकीट सरकवलं. मेडिकलमध्ये मिळतं ते, लघवीत टाकून बघायचं.

“यादीत तुझं नाव आहे,” मॅडम म्हणाल्या. “पण ऐकायला काहीबाही येतंय. तुझ्याच फायद्याचं आहे. एकदा बघून घेऊ, विषय संपेल.”

“आणि मी नाही म्हटलं तर?”

“तर नको करूस,” त्या म्हणाल्या आणि पेनाचं टोपण लावलं.

असं करता येत नाही, हे मला माहीत होतं. कॅन्टीनच्या भिंतीवरचं पोस्टर मी वाचलेलं आहे. पण पोस्टर काही मला यादीत घालणार नव्हतं. मी पाकीट घेतलं. मॅडम संडासाच्या दाराबाहेर उभ्या राहिल्या. म्हणाल्या, कडी लावू नको. मी तिथं बसले आणि मला लघवी होईना. बाहेरून त्यांच्या चपलेची टकटक ऐकू येत होती. मी भिंतीला डोकं टेकवून नळ सोडला आणि लहान मुलीसारखी वाट बघत बसले. इतका अपमान माझा आयुष्यात कधी झाला नव्हता.

एकच रेघ आली. मॅडमनी ती उजेडात धरून बघितली, थोडं थांबून पुन्हा बघितली. मग त्यांचा सूर बदलला.

“मग ते केशर कशाला?”

एक क्षण माझ्या तोंडाशी आलं होतं. नवऱ्यासाठी. पण तिथं विलास दारातच घुटमळत होता आणि विलासचा आणि गोडाऊनचा ठेकेदार एकच. मी म्हणाले, “रंग उजळावा म्हणून.”

मॅडमनी माझ्या तोंडाकडं नीट बघितलं. “पडला का फरक?” म्हणाल्या, आणि हसल्या. मीही हसले. नोकरी वाचली होती.

लाईनवर आले तर सगळ्या माझ्याकडं बघत होत्या. मी ते स्टूल पायानं ढकललं आणि मोठ्यानं म्हणाले, “टेस्ट झाली. काही नाहीये. आता तरी पटलं ना?”  रंभा टेप गुंडाळत राहिली. मला वाटलं, शरमली. मला वाटलं, संपलं एकदाचं.

दुपारी चौकात सुजितला कॅप्सूल देताना मी घाईघाईत सांगितलं. त्यानं माझा हात दाबला. “सुटलो,” म्हणाला.

मला भाजी घ्यायची होती, म्हणून रंभा माझ्याआधी घरी पोचली. मी आले तेव्हा आत्या भिंतीकडं तोंड करून पडल्या होत्या.  भाकरी वाढली, उठल्या नाहीत. अंगात कणकण असेल असं समजून मी पांघरूण घातलं तर त्यांनी ते पायानं सारलं.

गुरुवारी सकाळी जाग आली ती पाण्याच्या आवाजानं. आत्या न्हाणीत डोक्यावरून गार पाणी घेत होत्या. तांब्यामागून तांब्या. घरातलं माणूस गेल्यावर घेतात तसं. ओल्या केसांनी येऊन दाराशी बसल्या. मी चहाचा कप पुढं केला. त्यांनी तो हातात घेतला नाही.

“तुझ्या हातचं नको.”

“आत्या, काय झालं?”

“कंपनीपायी पाडलीस न्हवं?”

मला आधी अर्थच लागला नाही. मग लागला, आणि कप माझ्या हातून सुटून चहा सांडला.

“आत्या, नव्हतंच हो. मी पहिल्या दिवसापासून सांगतेय, नव्हतंच.”

“आता कुठून असंल? आधी होतं की. केशर खाऊलालतीस. चिंच खाल्लीस. रंभानं डोळ्यांनी बघितलंय. पोटुशीला कामावर घेत नाहीत, म्हून साफ करून आलीस, आन् मग टेस्ट दिलीस.” त्यांचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर मी भांडले असते. “मला सांगायचं व्हतंस विजे. मी नेलं असतं गावाकडं. मी वाढवलं असतं. तू राहिली असतीस तुझ्या कंपनीत.”

“केशर माझं नाही!” मी ओरडले. आता मला कशाची पर्वा उरली नव्हती. “तुमच्या लेकासाठी आहे ते! त्याला घ्यायला लागतं, त्याचं लक्ष लागत नाही म्हणून! डॉक्टरांकडे नेलंय मी त्याला!”

आत्यांनी माझ्याकडं बघितलं, कीव केल्यासारखं. “गडी माणूस केशर कशाला खाईल गं? कायबी बोलतीस.”

“मग विचारा त्यालाच.”

सुजित उठून गादीवर बसला होता. त्यानं सगळं ऐकलं होतं. आत्या गुडघ्यांवर सरकत त्याच्याकडं गेल्या आणि त्याचे दोन्ही हात धरले. “सुज्या, तू सांग बाळा. तू म्हणशील त्येच खरं. ही म्हणती तसं हाय का?”

मी त्याच्याकडं बघत होते. मला वाटलं, आता बोलेल. आपल्या आईची ही दशा बघून तरी बोलेल. त्यानं भिंतीकडं बघितलं. पलीकडं एरवी सकाळी भांड्यांचा आवाज असतो, तो बंद होता. ज्योतीरामचीही सुट्टी होती. सुजितला ते सगळं दिसत होतं. ज्या माणसाला समोरचा रॅक चुकवता आला नाही, त्याच्या नजरेतून त्या घडीला काही म्हणता काही सुटत नव्हतं.

“माय,” तो हळू म्हणाला, “झालं ते झालं. आता तिला बोलू नको.”

त्यानं मला माफ केलं. जे मी केलं नाही त्याबद्दल, सगळ्यांच्या देखत, मोठ्या मनानं माफ केलं.

आत्यांनी हंबरडा फोडला. त्याच्या छातीवर डोकं घासत, नातवाचं नाव काय ठेवणार होत्या ते सांगत त्या रडत राहिल्या. आणि सुजितही रडला. त्याचं रडणं खोटं नव्हतं, हे मला अजून सहन होत नाही. ते दोघं कधी नसलेल्या लेकरासाठी रडत होते आणि मी सांडलेला चहा पुसत होते.

दुपारच्या गाडीनं आत्या गावी गेल्या. तूप ठेवून गेल्या, लुगडी परत घेऊन गेल्या. त्यांना बसवून आल्यावर सुजित माझ्याशेजारी बसला. मी म्हणाले, “का?” एवढंच म्हणाले. तो म्हणाला, “विजू, विचार कर. तुझं काम वाचलं. माझी गाडी वाचली. माय काय, विसरेल. सांगू तिला नंतर कधीतरी.” मग तळहात पुढं करून म्हणाला, “आजची दिली नाहीस.”

मी उठून त्याला कॅप्सूल दिली. का दिली ते विचारू नका. तो गाडीवर बसला की त्याच्यासमोरून माणसं जातात, त्यांचा काही दोष नाही.

सोमवारी यादी लागली. माझं नाव होतं. मागच्या खेपेला सुमनताईंचं नाव आलं तेव्हा लाईन थांबवून टाळ्या वाजवल्या होत्या. या वेळी फळी चालत राहिली. सुमनताई माझ्याकडं न बघता आपल्या वायरी ओढत होत्या. पेटी उचलायला कुणी आलं नाही, मी एकटीनं उचलली.

चहाच्या सुट्टीत एकटी रंभा माझ्याजवळ येऊन बसली. बिस्कीट मोडून अर्धं माझ्यापुढं केलं. मग पाठीवर हात ठेवून म्हणाली, “एक सांगू का, राग नको मानू. तुझ्या मालकाचं काळीज लई मोठं हाय बाई. माझ्या माणसानं तर माझी हाडं मोडली असती.”

तिच्या मागं, कॅन्टीनच्या जाळीतून ज्योतीरामच्या गोडाऊनचा ट्रक आत येताना दिसत होता. गुरुवारी भिंतीपलीकडून ऐकलेलं तिनं बहाणा समजून सोडून दिलं होतं; आता नीट सांगणारं एक वाक्य बोलायचं होतं. ते बोलले असते तर संध्याकाळपर्यंत सगळ्यांना कळलं असतं, आणि सुजित उद्यापासून पाठीवर गोणी वाहत असता.

मी चहा संपवला आणि हो म्हणाले.